अभिमानाच्या उताऱ्यावरचा बोजा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

विषय : शाळेतली प्रतिज्ञा आणि देशाचा अभिमान मुलांना कसा शिकवावा, याबाबत.

महोदय,


आज या खुर्चीत आपण आहात, उद्या दुसरे कुणी असेल. हे पत्र खुर्चीला आहे असे समजावे, म्हणजे पक्षाचा प्रश्न उरणार नाही.

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांत प्रतिज्ञा असते. परिपाठाला उजवा हात समोर धरून मुले ती रोज म्हणतात. पहिलीत आलेले मूल दहावी होईपर्यंत ती दोनेक हजार वेळा तरी म्हणत असेल. त्यात एके ठिकाणी मूल सांगते, की देशाच्या नाना तऱ्हेच्या परंपरांबद्दल आपल्याला अभिमान वाटतो. लगेच पुढे कबूल करते, की त्यांना शोभेसे होण्यासाठी आपण झटत राहू. ही दोन विधाने एकमेकांना लागून का आली, हे वर्गात सहसा कुणी विचारत नाही. पाठ झालेल्या गोष्टीकडे पुन्हा बघायची आपल्याला सवय नाही.

पण समजा, आठवीतल्या एखाद्या मुलीने विचारले, "सर, जे मी केलेलेच नाही, त्याचा अभिमान मला कसा वाटेल? मी इथे जन्मले यात माझे काय कर्तृत्व?" बहुतेक वर्गांत तिला खाली बसायला सांगतील. एखाद्या शाळेत तिच्या वडिलांना बोलावणे जाईल. खरे तर तिला शाबासकी द्यायला हवी, कारण दोन हजार वेळा म्हटलेल्या गोष्टीचा तिने एकदा तरी विचार केला. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते प्रतिज्ञेतच आहे आणि आपण ते शिकवत नाही, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

आधी प्रतिज्ञेबद्दल दोन शब्द. ती एखाद्या समितीने बसून लिहिलेली नाही. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे नलगोंडा जिल्ह्यातले गृहस्थ विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते आणि तेलुगूत लेखन करत. चीनशी युद्ध झाले त्या १९६२ साली त्यांनी ती तेलुगूत लिहिली. पुढे केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने ती उचलून धरली. तेव्हा केंद्रीय शिक्षणमंत्री होते एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातल्या शाळांत गेली आणि आपापल्या भाषेत मुले ती म्हणू लागली. सरकारी तिजोरीचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने जमेच्या ओळीखाली देण्याची ओळ लिहून ठेवावी, हे त्याच्या पेशाला धरूनच झाले.

आता त्या मुलीच्या शंकेकडे. शंका जुनी आहे आणि तगडी आहे. जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहावर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिले, की राष्ट्राचा अभिमान हा सगळ्यांत स्वस्त अभिमान होय. ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणून सांगण्यासारखे काही नसते, तो ज्या राष्ट्रात योगायोगाने जन्मला त्याच्यावर हक्क सांगतो. चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरमण रामकृष्णन यांना २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा भारतातून इतक्या अनोळखी लोकांच्या ईमेल आल्या की ते वैतागले. राष्ट्रीयत्व हा जन्माचा अपघात आहे, असे त्यांनी तेव्हा बोलून दाखवले. आपल्याकडे अनेकांना ते लागले. पण यात खोटे काय होते?

हा अपघात किती उघडा असू शकतो, हे पाहायचे तर कूचबिहारकडे बघावे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ ठिकाणे होती. १११ भारताची, पण चहूबाजूंनी बांगलादेश. ५१ बांगलादेशाची, पण चहूबाजूंनी भारत. तिथल्या लोकांना शाळा, रेशन, दवाखाना, पोलीस ठाणे यांतले जवळपास काहीच हक्काने मिळत नव्हते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी त्यांची अदलाबदल केली. बांगलादेशाच्या पोटातल्या भारतीय तुकड्यांत राहणाऱ्या हजारो लोकांपैकी भारतात यायचे ठरवले ते हजाराच्या आत. बाकीचे आपल्या घरात झोपले ते कागदावरचे भारतीय म्हणून आणि उठले ते बांगलादेशी म्हणून. घर तेच, भात तोच, बोलीही तीच. त्यांनी कालपर्यंत कशाचा अभिमान बाळगायचा होता आणि आजपासून कशाचा?

इतके दूर जायचे नसेल तर गोव्यात यावे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेला माणूस पोर्तुगालचा नागरिक होता. पोर्तुगालचा कायदा आजही त्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना नोंदणी करून नागरिकत्व घेऊ देतो. हजारो गोवेकरांनी ते घेतले आहे, कारण त्या पासपोर्टावर युरोपात काम मिळते. इंग्लंडमधल्या स्विंडन गावात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. म्हणजे आजोबा पोर्तुगीज, वडील भारतीय, नातू पुन्हा पोर्तुगीज, आणि तिघांच्याही ताटात तेच शीत-कडी-नुस्ते. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून नातवाला एक पासपोर्ट सोडावा लागला. त्याबरोबर तो गोव्याचा राहिला नाही, असे त्याच्या आजीला सांगून बघावे. देशभरातला आकडा पाहिला तर २०२२ या एका वर्षात सव्वादोन लाख भारतीयांनी नागरिकत्व सोडले. त्यांच्यातले कितीतरी जण परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात गणपती बसवतात आणि क्रिकेटच्या सामन्याला निळा सदरा घालून जातात. तेव्हा राष्ट्रीयत्वाचा कागद आणि आपलेपणा या दोन गोष्टी एका पाकिटात मावत नाहीत. जन्म आपण निवडत नाही आणि कागद बदलता येतो. नुसत्या जन्माचा किंवा नुसत्या कागदाचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही, हे त्या मुलीचे म्हणणे मान्य करून पुढे जाऊ.

पुढे जाताना एक अडचण दिसते. अभिमान म्हणून आपण जे मिरवतो, ते बहुतेक वेळा तपासलेले नसते. लिओ वराडकर यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील मुंबईत वाढलेले डॉक्टर, कुटुंब मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आई आयरिश परिचारिका. जून २०१७ मध्ये लिओ आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि कोकणच्या सुपुत्राचे आपल्याकडे कौतुक झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊनही गेले. कौतुक करायला हरकत नाही. पण वराडकर समलिंगी आहेत आणि त्यांनी ते जानेवारी २०१५ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. आयर्लंडने तशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा १९९३ मध्ये रद्द केला आणि २०१५ च्या मे महिन्यात सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली. आपल्याकडे २०१७ च्या जूनमध्ये भारतीय दंडविधानाचे ३७७ कलम चालू होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची नांगी मोडली ती ६ सप्टेंबर २०१८ रोजी. हेच वराडकर वराडला जन्मून वराडलाच राहिले असते, तर पंतप्रधानपद दूरच, त्या दिवशी ते कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरले असते. स्थलांतरित डॉक्टरच्या मुलाला नेता म्हणून निवडणारा पक्ष आयरिश होता. मग अभिमान नेमका कशाचा करायचा होता? आडनावाचा?

इथपर्यंत आल्यावर काही सुज्ञ माणसे म्हणतात, की ही सगळी भानगडच सोडून द्यावी. माणूस व्हावे, देशाचा अभिमानही नको आणि लाजही नको. मला हे पटत नाही आणि त्याचे कारण एका जर्मन माणसात आहे.

विली ब्रांट हे हिटलरचे विरोधक. नाझी सत्तेवर आले त्या १९३३ साली कोवळ्या वयात ते नॉर्वेला पळून गेले. नाझींनी त्यांचे जर्मन नागरिकत्वही काढून घेतले. ज्यूंच्या हत्याकांडाचा एक कणभरही दोष या माणसावर नव्हता. तरी ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सेलर म्हणून वॉर्सात गेले असताना, ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकासमोर हार ठेवून ते गुडघ्यांवर बसले. ज्यांनी पाप केले, त्यांच्यातले कितीतरी तेव्हा घरी पेन्शन खात होते. ज्याने केले नव्हते तो गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी कुणी त्यांना विचारले नाही, की तुम्ही जे केलेच नाही त्याची लाज तुम्हाला का वाटावी. जर्मनीत पुष्कळांना ते खटकलेही. पण जगाला ते कळले, कारण जर्मनीच्या वतीने बोलायचा हक्क ज्याने घेतला त्याने जर्मनीचे देणेही अंगावर घेतले होते.

म्हणजे न केलेल्या गोष्टीची लाज वाटणे आपल्याला समजते. मग न केलेल्या गोष्टीचा अभिमान वाटणेही समजायला हवे. दोन्हींची जात एकच आहे, वारशाची. आपल्या राज्यात वारसा म्हणजे काय, हे खेड्यातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. वडील गेले की मुले वारस नोंद करायला अर्ज देतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावे लागतात. जमीन त्यांनी कमावलेली नसते, तरी ती त्यांची होते. पण त्याच उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सोसायटीचे, बँकेचे कर्ज असेल तर बोजा तिथे चढवलेला असतो. वारसाच्या नावाबरोबर तो आपोआप पुसला जात नाही. जमीन माझी आणि बोजा बापाचा, असे म्हणणाऱ्याला तलाठी हसेल.

देशाच्या अभिमानाचेही असेच आहे, असे मला वाटते. शिवाजी महाराज माझे, ज्ञानेश्वर माझे, चांद्रयान माझे, असे म्हणायला मला पूर्ण मुभा आहे, जर मी त्याच उताऱ्यावरचा बोजाही माझा म्हणत असेन. बोजा नाकारून जमीन मागणाऱ्याला वारस म्हणत नाहीत. आणि बोजा दिसतो म्हणून जमिनीलाच हात लावायचा नाही, असे म्हणणारा स्वच्छ राहतो खरा. पण मग ते कर्ज फेडायचे कुणी? साऱ्या मानवजातीचे नागरिक होणे सोपे आहे, कारण मानवजातीची ग्रामपंचायत नाही, तिथे कुणी वसुलीला येत नाही. गटार तुंबते ते एखाद्या वॉर्डात, आणि मूल कुपोषित असते ते एखाद्या पाड्यावर. तिथे जबाबदारी घ्यायला 'आम्ही' म्हणणारे कुणीतरी लागते.

हा उतारा कसा वाचायचा, याची दोन-तीन उदाहरणे देतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट आजही सांगितली जाते. पण जायच्या आधी पैशांसाठी त्यांना दारोदार फिरावे लागले होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर दीड दशकाने. देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे का? नक्कीच आहे. पण तो अभिमान मिरवणुकीत चालणाऱ्याचा जितका आहे, त्याहून जास्त घर गहाण टाकणाऱ्याचा आहे. मुलांना बैलगाड्या सांगायच्या आणि गहाणखत सांगायचे नाही, तर त्यांना वाटते पदके आपोआप येतात.

दुसरे उदाहरण पोलिओचे. एकेका फेरीत सुमारे सतरा कोटी मुलांच्या तोंडात दोन थेंब घालणे, तेही वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर, रेल्वेच्या फलाटावर, हे काम या देशाने वर्षानुवर्षे केले. नैसर्गिक विषाणूने झालेला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया पोलिओमुक्त जाहीर केला. ज्या देशाला हे कधी जमणार नाही असे जगातले जाणकार म्हणत, त्या देशाने ते केले. मला विचाराल तर चंद्रावर उतरण्याइतकाच हा अभिमानाचा विषय आहे. पण हे घरोघर जाऊन केले कुणी? अंगणवाडी सेविकांनी आणि आशांनी. आशा आजही कागदोपत्री स्वयंसेविका आहे, म्हणून तिला पगार नसतो, मानधन असते. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला आपल्याच राज्यात आशा आणि अंगणवाडी सेविका मानधनासाठी संपावर होत्या. पोलिओमुक्तीचा अभिमान आणि ते मानधन एकाच उताऱ्यावर आहेत. पहिल्या नोंदीला टाळ्या वाजवून दुसरीकडे पाठ फिरवता येत नाही.

तिसरे उदाहरण जड आहे, पण ते टाळले तर पत्र खोटे होईल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मांडला आणि तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर त्यांच्या माणसांना मारहाण झाली, आणि गावातल्या कर्मठांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. उच्च न्यायालयाने अखेर त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ मध्ये. दहा वर्षे ओंजळभर पाण्यासाठी! आणि हे जुने म्हणून सोडून द्यावे, तर भंडाऱ्याजवळच्या खैरलांजीतले दलित कुटुंबाचे हत्याकांड २००६ चे आहे.

त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, संविधान सभेत सांगितले, की हजारो जातींत वाटलेले लोक स्वतःला राष्ट्र समजत असतील तर तो मोठा भ्रम आहे. आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमजेल तितके बरे. त्याच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांनी हाच मुद्दा मांडला होता, की जातीजातींत तुटलेले लोक एकमय झाल्यावाचून राष्ट्र कसले? देशाचे संविधान लिहिणारा माणूस देशाला तोंडावर सांगतो की तू अजून देश नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच देशासाठी ते संविधान उभे राहते. माझ्या मते आपल्या इतिहासातला देशप्रेमाचा सगळ्यांत कसदार क्षण तो आहे. त्यात उताऱ्याचे दोन्ही रकाने एकदम वाचले गेले.

आपल्या अभिमानाच्या यादीतली बहुतेक नावे तपासली, तर ती त्यांच्या काळी घरच्यांना नकोशी झालेली माणसे होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या आईला गावात राहणे कठीण झाले. १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळाले आणि आता मुरूडला त्यांचे स्मारक आहे. कर्व्यांचा अभिमान मुलांना शिकवायचा आणि मुरूडचा बहिष्कार वगळायचा, तर कर्वे मोठे कशाने झाले तेच कळणार नाही. स्वतःच्या समाजाची लाज वाटण्याइतका तो समाज आपला मानला, म्हणून ती माणसे मोठी झाली. आज आपण अभिमानाने ज्यांची नावे चौकांना देतो, त्यांच्यापाशी ही लाज भरपूर होती.

यावर आपल्याकडे दोन आक्षेप येतील, ते मी आधीच मांडतो. पहिला असा, की मुले लहान असतात, त्यांना देशाची उणीदुणी सांगितली तर त्यांच्या मनात देशाबद्दल अढी बसेल. अनुभव उलटा आहे. घरची गरिबी लपवून ठेवणाऱ्या घरातली मुले ती कळल्यावर चिडतात. ज्या घरात कर्जाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, तिथली मुले कामाला लागतात. शिवाय मुले आंधळी नसतात. शाळेत विविधतेचा अभिमान म्हणणारे मूल घरी येऊन कुणाकडे पाणी प्यायचे आणि कुणाकडे नाही, हेही ऐकत असते. त्या दोन गोष्टींचा मेळ आपण घालून दिला नाही, तर ते एवढेच शिकते, की हात समोर धरून जे म्हणायचे ते खरे नसते.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा. तेरा वर्षांच्या मुलीवर महाडचा आणि खैरलांजीचा भार टाकणे हा अन्याय नाही का? अन्याय होईल, जर तिला दोषी ठरवले तर. पण वारस हा गुन्हेगार नसतो. कर्ज त्याने काढलेले नसते, आणि वारशात मिळाले त्याहून जास्त फेडायची सक्तीही कायदा त्याच्यावर करत नाही. दोष आणि देणे यांत फरक आहे, आणि तो समजायला तेरा वर्षांचे वय पुरेसे आहे. ज्या मुलीच्या पणजीला त्या तळ्यावर येऊ दिले नव्हते, तिच्या उताऱ्यावर तर बोजा नाहीच, येणे आहे. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींचे उतारे वेगवेगळे असू शकतात, हे कळणे हेच नागरिकशास्त्र.

आणखी एक गोष्ट विनयाने सांगतो. संविधानाच्या ५१ क कलमात नागरिकाची मूलभूत कर्तव्ये आहेत. ध्वजाचा आदर करा, बंधुभाव वाढवा, स्त्रियांना कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडा, संमिश्र संस्कृतीचा वारसा जपा, वैज्ञानिक दृष्टी बाळगा, सार्वजनिक मालमत्ता सांभाळा, असे बरेच काही तिथे आहे. अभिमान वाटून घ्या, असे कर्तव्य तिथे नाही. नसावे हेच बरोबर. वाटणे हुकमाने होत नाही, करणे होते. आपल्या खात्याला मात्र वाटण्याचा पुरावा गोळा करायचा मोह होतो, कारण तो मोजता येतो. किती शाळांनी प्रभातफेरी काढली, किती मुलांनी झेंड्यासोबत फोटो काढून संकेतस्थळावर टाकला, हे सायंकाळपर्यंत कळवायचे असते. तो तक्ता भरण्यात शिक्षकाचा जो दिवस जातो, त्यात एक तास खरोखरचा पाठ झाला असता.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि पैशाविना होण्यासारख्या आहेत.

एक, प्रतिज्ञा आहे तशी राहू द्यावी. ती चांगली आहे. फक्त वर्षातून एकदा, आठवीच्या आणि नववीच्या वर्गात, ती धडा म्हणून शिकवावी. ती एका तेलुगू माणसाने कोणत्या वर्षी लिहिली, इथपासून सुरुवात करावी आणि अभिमानाच्या लगेच मागे पात्रतेची गोष्ट का आली, तिथे थांबावे.

दोन, इतिहास व नागरिकशास्त्राच्या प्रकल्पांत मुलांकडून आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा असा उतारा करून घ्यावा. एका रकान्यात गावाने कमावलेले: शाळा कुणी सुरू केली, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर कोणता बंधारा झाला, पुराच्या वेळी कुणी कुणाला घरात घेतले. दुसऱ्या रकान्यात राहिलेले: जुनी विहीर कुणाला बंद होती, पारधी वस्तीवर वीज कधी पोचली, गटारात कोण उतरते आणि त्याला हातमोजे मिळतात का. महाराष्ट्राची रोजगार हमी पुढे साऱ्या देशाने २००५ च्या कायद्यात घेतली, हे मुलांना आपल्या बंधाऱ्यावर उभे राहून कळले, तर तो अभिमान पाठांतराचा राहणार नाही.

तीन, आणि ही मागणी सगळ्यांत महत्त्वाची आहे. असा तास घेणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी खात्याने लेखी उभे राहावे. दुसरा रकाना भरायला घेतला, की कुणाच्या तरी भावना दुखावतात, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे तक्रार जाते, मुख्याध्यापक खुलासा मागतात, आणि पुढच्या वर्षापासून शिक्षक फक्त पहिला रकाना शिकवू लागतो. त्याला घाबरट म्हणणे सोपे आहे. त्याची बदली आपल्या हातात आहे. प्रकल्पाच्या विषयावरून आलेल्या तक्रारीवर, त्यात तथ्याची चूक दाखवल्याशिवाय, शिक्षकाला नोटीस देऊ नये, असे एक पानी परिपत्रक पुरेसे होईल.

या उताऱ्यांत मुले कधी ना कधी आपल्या खात्याचीही नोंद घेतील. वाडीवरची शाळा पट कमी म्हणून बंद झाली की उघडी राहिली, शिक्षकाच्या रिकाम्या जागा भरल्या की नाहीत, हे त्यांना आपल्याहून आधी कळते. ती नोंद कोणत्या रकान्यात पडावी, हे अजून आपल्या हातात आहे.



आपला,
राज्यातल्या शाळेत शिकलेला एक नागरिक